इंडी नील, कंट्री सिंगर, मुक्काम पोर्टलीश

रविवार, १२ जानेवारी

कंट्री सिंगरचं चरित्र आज ना उद्या निघतंच. माहिती मिळाली नाही की लिहिणारा वाटेल ते ठोकून देतो, म्हणून आजपासून मीच नोंदी ठेवायच्या ठरवल्या आहेत.

तर नाव इंद्रनील, स्टेजवर इंडी नील. मूळचा पुण्याचा, कर्वेनगर. डब्लिनच्या एका कंपनीत बरीच वर्षं कोड लिहिला. गेल्या उन्हाळ्यात कंपनीने माणसं कमी करायला घेतली तेव्हा सगळ्यात आधी मी हात वर केला. बॉसला वाटलं मला वेड लागलं. गिटार कॉलेजपासूनची, गळा आईकडून आलेला. पत्नी डॉक्टर मृणालिनी, इथल्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर. मुलगी पूर्वी, वय सोळा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, तेही इथल्या शेतकऱ्यांच्या हेलात.

पुण्याला वाटतं कंट्री म्हणजे घोडा आणि टोपी. माझा धाकटा भाऊ अभिजित अजून फोनवर टापांचे आवाज काढतो. इथे आयर्लंडमध्ये तसलं काही नाही. इथे कंट्री म्हणजे रविवारी दुपारी गावातल्या हॉलमध्ये डान्स, मध्यंतरात चहा आणि हॅम सँडविचेस, आणि साठीच्या पुढची जोडपी. तीन वॉल्ट्झ, मग तीन जाईव्ह, मग तीन क्विकस्टेप. तीन झाले की जोडीदार बदलायचे. गाण्यांचे विषय आई, गाव, ट्रॅक्टर आणि गावाकडे जाणारा रस्ता. प्रत्येक गावाच्या रस्त्यावर इथे एक गाणं आहे. मीही एक केलंय, 'रोड टू सासवड'. लोकांना वाटतं सासवड इथल्याच मेयो परगण्यात आहे.

माझं वैशिष्ट्य असं की मी ठोकळेबाज गात नाही. दुसऱ्या कडव्याआधी ताल सोडून देतो, आपल्या भावगीतात घेतात तशी छान लांब जागा घेतो, आणि मग अलगद समेवर येतो. हे इथे कुणी करत नाही. आज मी जागा घेतली आणि अख्खा हॉल नाचायचा थांबला. एका बाईंचा पाय तर हवेतच राहिला होता. मंत्रमुग्ध म्हणतात ते हेच. ड्रमवाला डेक्लन काठ्या वर धरून माझ्याकडे नुसता बघत राहिला.

नंतर प्रत्येकाने हात हातात घेऊन 'फेअर प्ले टू यू', म्हणजे शाब्बास, म्हटलं. पूर्वीचं म्हणणं, हे लोक शर्यतीत शेवटच्या आलेल्यालाही तेच म्हणतात. पिकतं तिथे विकत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

वॉटरफोर्डहून मृणालला ईमेल आली. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात कन्सल्टंटची कायमची जागा, हाताखाली स्वतःची टीम. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली, एकेका कराराने काम करत आलीय. पूर्वी पोटात असताना परीक्षा दिली, पूर्वीला गोवर झाला तेव्हा दुसरी दिली. आनंदाची गोष्ट आहे, मी तसं म्हणालोही. पण एकवीस मार्चपर्यंत उत्तर हवंय, आणि गेलो तर घर हलवावं लागणार.

मी तिला शांतपणे समजावलं की माझं करिअर आत्ता कुठे या मातीत रुजतंय. वॉटरफोर्डमध्ये मला ओळखतं कोण? ती कणीक मळत होती. म्हणाली, रुजलंय हे कशावरून ठरवायचं? मी म्हटलं, मार्चमधल्या सेंट पॅट्रिकच्या सुट्टीतला हॉटेलचा मोठा डान्स. तो ज्याला मिळतो त्याला वर्षभर आसपासचे तीन परगणे बोलावतात. दरवर्षी एकच जुना गायक तिथे गातो.

तिने हात धुतले आणि म्हणाली, तो डान्स तुला मिळाला तर मी वॉटरफोर्डला नकार कळवते. नाही मिळाला तर कुरकुर न करता सामान बांधायचं.

मी लगेच हो म्हणालो. एवढं मोठं वचन बायको देते म्हणजे तिचा माझ्यावर किती विश्वास असेल! मृणाल न्यायी आहे, हे चरित्रात यायला हवं.

रविवार, २ फेब्रुवारी

हॉल भरला होता. जागा घेतली, सगळे थांबले, दोन जोडपी एकमेकांवर आपटली. भावना अनावर झाल्या की असं होतं.

मध्यंतरात मी घामाघूम होऊन चहा पीत होतो, आणि मृणालभोवती बायकांचा घोळका. कुणी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवतंय, कुणी पायाची सूज दाखवतंय, एक आजोबा कानातलं मशीन काढून तिच्या हातात देतायत. तिचा चहा निवला. ही माणसं मुळात लाजाळू. कलाकाराशी थेट बोलायला धजत नाहीत, म्हणून आधी घरच्यांशी ओळख काढतात.

मॉरिस डेलेनी मात्र थेट माझ्याकडे आला. हा डान्स कमिटीचा अध्यक्ष, ऐंशी गाईंचा मालक, हॉटेलचा डान्सही हाच ठरवतो. याची आई नव्वदीपुढची. गेल्या वर्षी ती पोराला ओळखेनाशी झाली होती. घरच्यांनी आशा सोडली होती. मृणालने तिच्या अर्ध्या गोळ्या बंद केल्या आणि महिन्याभरात म्हातारी चुलीपाशी उभी राहून सुनेला बोलायला लागली. मॉरिसने विचारलं, इथेच कायमचे राहणार ना तुम्ही? मी काही लपवत नाही. वॉटरफोर्डचं सांगितलं, घरात ठरलेली अट सांगितली.

त्याचा कप तोंडापाशी थांबला. म्हणाला, "म्हणजे पॅट्रिकचा डान्स तुला मिळाला, तर डॉक्टर जाणार नाहीत?"

मी म्हटलं, मी जाणार नाही.

"तेच ते," म्हणाला, आणि कप तसाच ठेवून कमिटीच्या टेबलाकडे गेला. ते सगळे बराच वेळ डोकी जुळवून बोलत होते. अधूनमधून माझ्याकडे बघत होते. गाणं पोचलेलं दिसतंय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मिळाला!

मॉरिसचा फोन आला. सेंट पॅट्रिकच्या रविवारी, हॉटेलचा बॉलरूम, पूर्ण कार्यक्रम इंडी नीलचा. मी विचारलं, दरवर्षीचा गायक आजारी आहे का? तर म्हणाला, नाही, ठणठणीत आहे, थोडा चिडलाय. कमिटीत एकमत झालं म्हणे. या गावात रस्त्यावरचा खड्डा बुजवण्यावरही कधी एकमत होत नाही.

मृणाल भांडी प्रेसमध्ये लावत होती. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता आम्हीही तेच म्हणतो. मी बातमी सांगितली. ती हातात कढई घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, अभिनंदन. मग ती धुतलेलीच कढई परत धुवायला घेतली. आनंदाने माणसाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही.

पुण्याला फोन केला. अभिजितने टापांचा आवाज काढला नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पोस्टर लागलं. पेट्रोल पंपावर, चर्चच्या फाटकावर, गुरांच्या डॉक्टरकडे. फोटो बरा आलाय. नावाखाली मात्र कंसात छापलंय, 'डॉक्टर मृणालिनी यांचे यजमान'. मी मॉरिसला म्हटलं, हे कशाला? तो म्हणाला, लोकांना खात्री पटायला हवी. कसली खात्री, ते विचारायचं राहून गेलं.

जेवताना पूर्वी म्हणाली, "डॅड, यू डू नो व्हाय दे पिक्ड यू, राईट?" मृणाल म्हणाली, पूर्वी, गप्प जेव. पूर्वी म्हणाली, "बट मॉम, इट्स नॉट फेअर ऑन यू." मृणालने तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी ताट घेऊन वर निघून गेली.

या वयात बापाला प्रसिद्धी मिळाली की मुलांना अवघडल्यासारखं होतं. मी मनावर घेतलं नाही. मृणालला म्हटलं, एवढं काय तिच्यावर चिडायचं? ती म्हणाली, "लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की खालून ओरडायचं काम घरच्यांकडे येतं. मला ओरडायचं नाहीये. मी शब्द दिलाय." दमली असेल.

सोमवार, ३ मार्च

वॉटरफोर्डला नकाराची ईमेल मृणालने लिहून ठेवलीय. अजून पाठवलेली नाही. डान्स झाला की पाठवते म्हणाली. मला वाचायला दिली. सुरेख इंग्रजी, कुणाला दुखावणारं एक अक्षर नाही. मी एक स्वल्पविराम सुचवला.

संध्याकाळी तिची गाडी दारात येऊन थांबली, पण ती घरात येईना. पाऊस होता. म्हटलं छत्री नसेल, म्हणून मी छत्री घेऊन गेलो. ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. काच खाली करून म्हणाली, गाणं ऐकत होते, आलेच. रेडिओ बंद होता. बहुतेक गाणं नुकतंच संपलं असेल.

रविवार, १६ मार्च

सविस्तर लिहितो.

बॉलरूम तुडुंब. मागे उभं राहायलाही जागा नव्हती. हॉस्पिटलातल्या नर्सेस, फार्मसीवाला, पाद्रीबाबा, काठ्या टेकत आलेली कितीतरी माणसं. मॉरिसची आई पहिल्या रांगेत, निळी टोपी घालून. सुरुवातीचे वॉल्ट्झ उत्तम झाले. जागेला लोक थांबले. आता तर मी श्वास घ्यायच्या आधीच थांबतात, इतके तयार झालेत.

मध्यंतरात मॉरिस माइकवर आला. माझ्याबद्दल एक वाक्य बोलला, बँडबद्दल एक. मग म्हणाला की आज या परगण्यासाठी खरी आनंदाची बातमी दुसरी आहे, डॉक्टर मृणालिनी आपल्याला सोडून जात नाहीयेत. त्यावर सगळा हॉल उभा राहिला. ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांनी काठ्या जमिनीवर आपटल्या. टाळ्या थांबेनात. डेक्लनने ड्रम वाजवला, न सांगता. मॉरिसच्या आईने मृणालचा हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडेचना.

मी स्टेजवर गिटार घेऊन उभा होतो. तिथून मला मृणालचा चेहरा दिसत होता. ती हसत होती. तो चेहरा मी ओळखतो. तिची आई गेल्याचा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, आणि त्यांचा चहा होईपर्यंत ती तशीच हसत होती.

नंतर एक आजोबा माझ्यापाशी आले. खांद्यावर हात ठेवून फार मायेने म्हणाले, "तू काळजी करू नकोस हं पोरा. त्या इथे आहेत तोवर आम्ही मरेपर्यंत तुझं गाणं ऐकू."

मी थँक्यू म्हणालो. शेवटचे तीन वॉल्ट्झ राहिले होते, ते गायलो. जागा घेतली नाही. घसा धरला होता.

सोमवार, १७ मार्च

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. हे चरित्रात घेऊ नये.

सकाळपासून पाऊस. गावात सेंट पॅट्रिकची मिरवणूक होती, गेलो नाही. मॉरिसने काल सगळं ग्रँड झालं असा मेसेज पाठवलाय, पुढच्या पॅट्रिकची तारीखही आत्ताच धरून ठेव म्हणतोय. माणसं वाईट नाहीत. म्हातारपणी बरी डॉक्टर मिळाली की कुणीही धरून ठेवेल. मीही तेच करत होतो.

दुपारी पोहे खाताना मृणालला म्हटलं, वॉटरफोर्डला हो कळव.

ती म्हणाली, का?

मी म्हटलं, इथली हवा माझ्या गळ्याला मानवत नाही. फार दमट आहे. काल ऐकलंस ना, शेवटी आवाज बसला.

पूर्वी म्हणाली, "डॅड, वॉटरफोर्ड इज बाय द सी. इट्स वे डॅम्पर." मी तिला गप्प जेव म्हटलं. या खेपेला ती खरंच गप्प बसली, आणि माझ्या ताटात आणखी पोहे वाढले. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

मृणालने ताट बाजूला सारलं. म्हणाली, "इंद्रनील, खरं सांग."

"गळा," मी म्हणालो.

"तुला डान्स मिळालाय. मी शब्द दिला होता."

"मीही दिला होता, कुरकुर न करता सामान बांधायचा. तो आता वापरतो."

ती उठली, लॅपटॉप घेऊन आली, ती सुरेख नकाराची ईमेल काढून टाकली. नवीन लिहायला घेतली आणि दोन शब्दांत थांबली. म्हणाली, मला अक्षरं दिसत नाहीयेत, तूच टाईप कर. ती सांगत होती, मी टाईप करत होतो. अर्ध्यातच ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली, तेव्हा शेवटचं वाक्य मी माझ्या मनाने घातलं. त्यात लिहिलं की मी फार आनंदाने येत आहे. ती म्हणाली, असं कुणी अधिकृत ईमेलमध्ये लिहितं का? पण खोडलं नाही, तसंच पाठवलं.

चरित्रकारासाठी: निर्णय माझा. कारण गळा.

बुधवार, १९ मार्च

मॉरिस घरी आला. ओट्यापाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला, चहा घेतला नाही. मी म्हटलं, आईचं काय करशील? तर मृणालनेच सांगितलं, तिच्या जागी येणारा डॉक्टर तिने स्वतः तयार केलाय, नागपूरचा संकेत, आणि आजींच्या गोळ्यांचं ती त्याला समजावून जाणार आहे. मॉरिसने मान हलवली. जाताना मला म्हणाला, तुझे एप्रिल-मेचे डान्स जरा पुढे ढकलावे लागतील. मी म्हटलं, कळलं.

अजून तीन ठिकाणांहून असेच फोन आले. लोक तत्पर आहेत.

बुधवार, १० सप्टेंबर, वॉटरफोर्ड

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. लिहिण्यासारखं घडत नव्हतं. मृणाल सकाळी सातला जाते आणि परत आली की जेवताना वॉर्डातल्या गोष्टी सांगते. मी घरून थोडं कोडिंगचं काम घेतलंय. पूर्वीला इथली शाळा आवडली, तसं ती म्हणत नाही, पण आता रविवारीच शाळेचं दप्तर भरून ठेवते.

नदीकाठच्या एका पबमध्ये बुधवारी संध्याकाळी कुणीही उठून गाऊ शकतं. आज गेलो. ड्रम नाही, पोस्टर नाही. बारवाल्याने नाव विचारलं, मी इंद्रनील सांगितलं, त्याने ते ऐकलंच नाही. अर्धे लोक माझ्याकडे पाठ करून मॅच बघत होते. मी 'रोड टू सासवड' घेतलं. इथे जागा कुणासाठी घ्यायची? सरळ तालात गात सुटलो, लवकर संपावं म्हणून.

दुसऱ्या कडव्यात कोपऱ्यातलं एक जोडपं उठलं. सत्तरीचे असतील. त्यांनी स्टूल बाजूला सरकवलं आणि वॉल्ट्झ करायला लागले. जागा जेमतेम टेबलाएवढी. गाणं संपेपर्यंत थांबले नाहीत. टाळ्या म्हणाल तर त्या दोघांच्याच.

मग तो माणूस माझ्याकडे आला. मला वाटलं फेअर प्ले म्हणेल. तो म्हणाला, तुझी तिसरी तार उतरलीय, आणि शेवटच्या कडव्यात तू घाई केलीस, माझ्या बायकोची पावलं चुकली. आणि निघून गेला. पोर्टलीशमध्ये इतका काळ गायलो, कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. मी तर तडक घरी आलो.

मृणाल दहीभात खात होती. मी सगळं सांगितलं. एकूण कार्यक्रम पडला म्हटलं, एक जोडपं सोडता कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि वर हा उद्धटपणा. ती खाता खाता थांबली.

"त्यांना माहीत होतं तू माझा नवरा आहेस ते?"

"तुझं नावच निघालं नाही."

"आणि नाचले?"

"पूर्ण गाणं. तार उतरलेली असताना."

तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, पहिल्यापासून परत सांग. मी परत सांगितलं, स्टुलासकट. मला अजून राग आलेला होता आणि ती आपली डोळे पुसत हसत होती. बायकांचं काही कळत नाही.

जेवण झाल्यावर गिटार तपासली. तिसरी तार खरोखरच उतरली होती. मृणाल दारात येऊन म्हणाली, पुढच्या बुधवारी मला सुट्टी आहे, मी येऊ का ऐकायला?

मी म्हटलं, अजून नको. आधी त्या माणसाला दाखवतो.